न नेलेल्या कपड्यांचं छत

रेशीम कापलं जात असल्याचा आवाज ताईच्या कानी आला आणि तिचा मशीनवरचा पाय जागच्या जागी थांबला.

सुती कापडातून कात्री करकरत जाते, लोकरीत गुदमरते, आणि रेशमातून जाताना ती नुसती एक लांब श्वास सोडते... जवळजवळ तीस वर्षं कपडे दुरुस्तीच्या दुकानात काढल्यावर हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि आज दुकानात रेशमाचं एकही काम नव्हतं! एका डॉक्टरीणबाईंच्या पांढऱ्या कोटाचे फाटके खिसे, दोन पडदे, आणि पोट सुटल्यामुळे सैल करायला आलेली एक पँट, एवढीच त्या दिवसाची संपत्ती. मग मागच्या खोलीत रेशीम आलं कुठून?

ताई उठली. गेले काही महिने उठताना तिचे गुडघे आधी कुरकुरायचे आणि मग ती उठायची. आज गुडघ्यांना कुरकुरायलाही वेळ मिळाला नाही.

मागच्या खोलीत जमिनीवर कपड्यांचा नुसता बाजार मांडला होता. त्याच्या मधोमध मांडी घालून बसली होती ताईची धाकटी बहीण, जिला लहानपणापासून सगळे भिंगरी म्हणत आणि जी सत्ताविसाव्या वर्षीही ते नाव इमानेइतबारे चालवत होती. तिच्या मांडीवर मोतिया रंगाचं रेशीम होतं, आणि कात्री त्यात वीतभर आत गेली होती.

"ताई, बघ ना!" भिंगरीचे डोळे चमकत होते. "हे मधोमध लावायचं. बाकी सगळे रंग ह्याच्या भोवती. कसलं दिसेल!"

"हे... हे तू कुठून काढलंस?"

"वरच्या फळीवरून. सगळं काढलं. तूच तर हो म्हणालीस!"

ही वरची फळी म्हणजे त्या दुकानाची एक रीतच होती. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक कपड्याला एक चिठ्ठी टाचलेली असे. तिच्यावर तारीख, मापं, आणि गिऱ्हाइकाचं नाव नव्हे तर दुकानाने ठेवलेलं टोपणनाव: 'खांदेपाडू मास्तर', 'घाईवाल्या बाई', 'दोन नंबरच्या सूनबाई'. वर्षभर जो कपडा न्यायला कुणी येत नसे तो वरच्या फळीवर जाई, पण टाकला मात्र कधीच जात नसे, कारण ताईच्या वडिलांचा नियमच होता की गिऱ्हाईक येईपर्यंत कपडा त्याचाच. भिंगरी पाच वर्षांची असताना वडील गेले, त्यांच्या आधी आठ महिने आई गेली होती, तरी ताईने तो नियम मोडला नाही. अशा त्या फळीवर वर्षानुवर्षांचे विसरलेले कोट, झगे, सदरे, शाली एकमेकांच्या कुशीत पडून होते.

आणि भिंगरीचं लग्न व्हायचं होतं एका रिकाम्या पोहण्याच्या तलावात! नवरदेव पोहायला शिकवायचा. दुरुस्तीसाठी महिनाभर पाणी काढलेला तो तलाव पाहून दोघांच्या डोक्यात ही कल्पना शिरली आणि मग कल्पनांना ऊतच आला. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी उथळ बाजूला बसायचं, येतं त्यांनी खोल बाजूला. निमंत्रणाच्या पत्रिका नाहीत, भिंगरी आणि नवरदेव स्वतः घरोघर जाऊन प्रत्येकाला, तो आपल्या आयुष्यात का हवा आहे, ते तोंडावर सांगणार. भेटवस्तू नकोत, प्रत्येकाने आपलं फसलेलं एखादं काम घेऊन यायचं आणि त्याची गोष्ट सांगायची. आणि तलावावर छत ताणायचं ते न नेलेल्या कपड्यांचं! "ज्यांना न्यायला कुणी आलं नाही, ते सगळे माझ्या लग्नाला येतील," असं भिंगरी म्हणाली तेव्हा नवरदेवाने तिच्याकडे असं काही पाहिलं होतं की ताईला दुसरीकडे बघावं लागलं.

आता राहिला ताईच्या होकाराचा प्रश्न. ताई काम करताना तोंडात टाचण्या धरायची, एका वेळी आठ-दहा. त्या वेळी तिला काही विचारलं की ती "हं" एवढंच म्हणू शकायची. भिंगरीने वयाच्या सहाव्या वर्षीच हे हेरलं होतं. सहलीला जाऊ? हं. केस कापू? हं. नोकरी सोडून दुसरी धरू? हं. आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या परवानग्या तिने टाचण्यांमधूनच काढून घेतल्या होत्या! चार दिवसांपूर्वी ताई एका झग्याची किनार टाचत होती आणि भिंगरीने दारातून विचारलं होतं, "वरच्या फळीवरचं सगळं घेऊ ना गं?" ताईने काही ऐकलंच नव्हतं. ती फक्त "हं" म्हणाली होती.

आणि त्या फळीच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, जुन्या चादरीत गुंडाळलेला, ताईचा स्वतःचा लग्नाचा पोशाख होता.

तो तिने स्वतः शिवला होता, चोविसाव्या वर्षी. गिऱ्हाइकांचे कपडे आटोपले की उरलेल्या तासांत, एकेक टाका घालून. ज्याच्यासाठी शिवला तो माणूस आधी गिऱ्हाईक म्हणूनच आला होता. कोटाच्या बाह्या आखूड करून घ्यायला आला, मग पुन्हा आला, मग तिसऱ्यांदा आला. चौथ्यांदा आला असता तर बाह्या कोपराशी पोचल्या असत्या, म्हणून ताईनेच हसून विचारलं होतं, "खरं काम काय आहे तुमचं?" किती हसली होती ती तेव्हा! स्वतःचं ते हसू आठवलं की आता तिला ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटायचं.

लग्न मोडलं. भिंगरीला तेव्हा एवढंच सांगण्यात आलं की ताईला माणूस पसंत पडला नाही. भिंगरी आठ वर्षांची होती, तिने ते मान्य केलं, आणि एकोणीस वर्षं ते तसंच राहिलं. पोशाख घरात ठेवला असता तर कपाटं उचकणाऱ्या भिंगरीने तो शोधला असता आणि हजार प्रश्न विचारले असते. म्हणून ताईने त्यालाही रीतसर चिठ्ठी टाचली आणि न नेलेल्या कपड्यांत ठेवून दिला. कारण एकच गोष्ट तिला जिवापाड जपायची होती: ते लग्न कुणासाठी मोडलं, हे ह्या पोरीला कधीही कळता कामा नये!

"ताई? अगं, काय झालं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "बाकीचं सगळं घे, लग्न झालं की परत फळीवर ठेवू. हे तेवढं राहू दे."

"का?"

का! काय सांगणार होती ती? "चांगलं कापड आहे. कुणाचं तरी असेल. न्यायला येईल एखाद्या वेळी."

"एकोणीस वर्षांनी? चिठ्ठीवर तारीख बघ की!" भिंगरी हसली. पण ताई हसली नाही, आणि भिंगरीचं हसू हळूहळू मावळलं. लग्नाच्या आधीच्या त्या दिवसांत तिचाही जीव टांगणीला लागलेला होता. धावपळीने ती शिणली होती, नातेवाइकांची टोमणेबाजी ऐकून विटली होती, आणि निदान ताईने तरी एकदा मनापासून 'छान' म्हणावं म्हणून आसुसली होती. "ताई, खरं सांगू? तुला माझी एकही कल्पना आवडलेली नाही. तलाव म्हटलं की तू कपाळाला आठ्या घालतेस. छत म्हटलं की उसासा सोडतेस. अनोळखी माणसाच्या जुन्या कपड्यासाठी तुझा जीव तुटतो, आणि माझ्यासाठी...?"

"भिंगरी, मी दमलेय गं. आत्ता नको."

"तू नेहमीच दमलेली असतेस! मी जन्मले तेव्हापासून तू दमलेलीच आहेस! तुला लग्न म्हटलं की नको होतं. तू तुझं ठरलेलं मोडलंस, का, तर म्हणे माणूस आवडला नाही! तुला कुणीच आवडत नाही, म्हणून दुसऱ्याचा आनंदही बघवत नाही..."

भिंगरीला स्वतःलाच ते ऐकून धक्का बसला असावा, पण रागाच्या भरात माणूस माघार घेत नाही, तीही घेईना.

एक वाक्य बोललं की संपलं असतं सगळं... एकच वाक्य! ते जिभेच्या टोकाशी आलं आणि ताईने ते गिळलं, जसं एकोणीस वर्षं गिळत आली होती. मग ती जमिनीवर बसली, बहिणीच्या हातातून तिने कात्री काढून घेतली आणि शांतपणे म्हणाली, "दे इकडे. तू वाकडं कापतेस. रेशीम वाया जाईल."

आणि तिने तो पोशाख कापला. गळा, बाह्या, पाठ... वीतभर तुकडे, हातभर तुकडे, सरळ, बिनचूक. एकही टोक तिरकं गेलं नाही. असा हात कसा चालला असेल तिचा, देव जाणे! चिठ्ठी काढून तिने टोपलीत टाकली, तुकड्यांची चळत लावली, "काकांकडे इस्त्रीला दे" म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंच्या कोटाचे खिसे लावायला पुढे निघून गेली.

काका म्हणजे दुकानाच्या पडवीत इस्त्री करणारे म्हातारे. ताईच्या वडिलांच्या काळापासूनचे. फार बोलत नसत, आणि बोलत तेव्हा बहुधा इस्त्रीशीच बोलत. भिंगरीने फुगलेल्या तोंडाने चळत त्यांच्यासमोर ठेवली. काकांनी वरचा तुकडा उचलला, दोन बोटांत चोळला, उजेडाकडे धरला. मग त्यांनी इस्त्री बाजूला उभी करून ठेवली.

"ह्याच्यावर मी इस्त्री फिरवणार नाही."

"का हो काका? जळेल म्हणून?"

"एकदा फिरवली होती. पुन्हा नाही." "कुणी कापलं हे?"

"ताईने."

काकांनी डोळे मिटले. "मला शपथ आहे पोरी, मी काही सांगणार नाही. पण तू लहानपणी तिच्या शेजारी बसून मापं लिहून घ्यायचीस ना वहीत? मग ह्याची चिठ्ठी वाच जा."

भिंगरी मागे आली. टोपलीतून तिने चिठ्ठी शोधून काढली. शाई पिवळी पडली होती, पण अक्षर ताईचंच, हे पहिल्या ओळीतच कळलं. छाती, कंबर, उंची... आणि खाली, 'डावा खांदा अर्धा इंच खाली.' मागच्याच आठवड्यात भिंगरीने टेप घेऊन ताईला बळेबळे उभी केली होती, लग्नात नवा पोशाख घालायला लावायचा म्हणून. मशीनवर एकाच अंगाने वाकून वाकून ताईचा डावा खांदा उतरला होता. तेव्हा तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, डावा खांदा अर्धा इंच खाली! आणि टोपणनावाच्या जागी ताईने लिहिलं होतं, 'येईल तेव्हा.'

तारीख तिने पुन्हा वाचली. त्या महिन्यात ती कुठे होती हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. हिरव्या भिंतींचा दवाखाना, न उतरणारा ताप, आणि दिवसरात्र तिच्या मुठीत धरलेलं ताईचं बोट.

ती पळतच पडवीत गेली. आता मात्र काकांना शपथ पाळणं झेपलं नाही. "त्या लोकांचं म्हणणं होतं, लग्न ठरल्या दिवशी झालंच पाहिजे, आणि धाकटीला कुठेतरी वसतिगृहात ठेवा. आजारी पोर आमच्या घरात नको, म्हणाले. तो मुलगा चांगला होता गं... पण आईपुढे त्याची जीभ उचलली नाही. तुझी ताई दवाखान्यात तुझ्या खाटेशी बसूनच मला म्हणाली, काका, तिने बोट सोडलं की येते, असं सांगा त्यांना. तू बोट सोडलंस बावीस दिवसांनी."

दुपार कलली होती. ताई दुकानात एकटीच होती. मशीन चालू नव्हतं. तिचे हात मांडीवर पडलेले होते. भिंगरी आत आली आणि तिच्या पायाशी जमिनीवर कोसळलीच.

"का नाही सांगितलंस? ताई, का नाही सांगितलंस गं मला? मी काय काय बोलले तुला..."

ताईला सगळं समजलं. एकोणीस वर्षं बांधून ठेवलेलं गाठोडं कुणीतरी न विचारता सोडलं होतं. तिला राग यायला हवा होता, काकांचा तरी. पण आला तो फक्त थकवा, हाडांपर्यंत मुरलेला.

"सांगून काय झालं असतं? तू जन्मभर माझ्याकडे अशी बघत बसली असतीस. जशी आत्ता बघतेयस."

"मी लग्न पुढे ढकलते. मी ते सगळे तुकडे पुन्हा जोडते, एकेक टाका..."

"जोडलेल्या रेशमाचा सांधा दिसतोच. आणि ढकलाढकली केलीस तर थोबाड फोडीन. मी हे सगळं ह्यासाठी केलं होय?"

भिंगरीने डोळे पुसले आणि जे विचारायचं धाडस होत नव्हतं ते विचारलं. "तुला जायचं होतं, ताई? त्याच्याबरोबर?"

हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. काकांनी नाही, शेजाऱ्यांनी नाही, त्या माणसाने सुद्धा नाही. 'नाही गं, तसं काही नाही' हे उत्तर कधीचं तयार होतं. पण आज ते उचलून आणण्याइतकी शक्ती तिच्यात उरली नव्हती.

"हो," ताई म्हणाली. "खूप."

आणि मग तिचा बांध फुटला. "तुझा राग यायचा मला. ऐकतेस ना? दोन वर्षं यायचा. तुझ्या वेण्या घालताना मी मुद्दाम घट्ट ओढायचे. तू 'आई गं' म्हणायचीस आणि मी म्हणायचे, हलतेस म्हणून दुखतंय... देवी नाहीये मी, भिंगरी! लोक म्हणतात ना, काय त्याग केला पोरीने... मला त्या शब्दाची शिसारी येते. मी तुझं बोट सोडवू शकले नाही, एवढंच. मग तू चौथीत असताना एकदा शाळेतून आलीस, दप्तर फेकलंस आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीस, आणि माझ्या लक्षात आलं की राग कधी गेला ते मला कळलंच नाही."

भिंगरीने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती हुंदके देत होती आणि मधेच हसतही होती. "माझे केस अजून दुखतात हं त्या वेण्यांनी."

"दुखू देत," ताई म्हणाली, आणि तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. दोघींना किती वेळ गेला ते समजलं नाही. शेवटी ताईच म्हणाली, "ते रेशीम लाव छताला. गुंडाळून ठेवून पिवळं पडत होतं. आणि तुझ्या सगळ्या कल्पना मला आवडल्यात. फक्त त्या ऐकायला सुद्धा माझ्यात जीव नव्हता गं."

लग्नाच्या दिवशी सकाळी ताई तलावावर पोचली तेव्हा भिंगरीने तिच्या हातातली सुईदोऱ्याची पिशवी काढून घेतली. छत ताणणारे ताणत होते, खुर्च्या मांडणारे मांडत होते, नवरदेवाचे शिष्य फरशी पुसत होते. ताईला उथळ बाजूला, पहिल्या रांगेत, गादी घातलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसवण्यात आलं. तिने दोनदा उठायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा काकांनी तिला खांदा धरून खाली बसवलं. वर कोट, झगे, सदरे आणि शाली वाऱ्यावर फुगत होत्या, रंगीत उजेड फरशांवर हलत होता. माणसं येत गेली. नवरदेवाच्या मावशीने स्वतःच विणलेला तीन बाह्यांचा स्वेटर आणला होता आणि ती त्याची गोष्ट सांगत होती. ताई ती ऐकत होती... निदान सुरुवातीला तरी.

लग्न लावणाऱ्या अधिकारी बाई उभ्या राहिल्या, त्यांनी घसा साफ केला, आणि त्या खोल रिकाम्या तलावात ते खाकरणं तीनदा घुमून परत आलं. तेवढ्यात काकांचं लक्ष ताईकडे गेलं. तिची मान एका बाजूला कलली होती, तोंड जरासं उघडं होतं, आणि ती गाढ झोपली होती.

काका गडबडीने तिला हलवायला वाकले. पण खोल बाजूला उभ्या असलेल्या भिंगरीने ते पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. काका थांबले. तिने अधिकारी बाईंकडे बघून तेच केलं, मग पाहुण्यांच्या रांगांकडे, मग स्वतःच्या नवऱ्याकडे. एकेक करत सगळा तलाव गप्प झाला. मावशीने स्वेटर मांडीवर दाबून धरला. कुणीतरी लहान मुलाला कडेवर घेऊन थोपटू लागलं.

"वाट बघू या का उठेपर्यंत?" नवरदेवाने कुजबुजत विचारलं.

"नको. ती आहे ना इथे," भिंगरी म्हणाली. "फक्त हळू बोला."

आणि ते लग्न कुजबुजत लागलं! अधिकारी बाईंनी कुजबुजत विचारलं, दोघांनी कुजबुजत होकार दिला, आणि त्या फरशांच्या भिंतींनी ती कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत नेऊन पोचवली, प्रत्येक शब्द प्रत्येकाला ऐकू आला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून नुसते हलवले, आणि पुष्कळांनी ते खाली घेताना डोळे पुसले.

ताई जागी झाली तेव्हा बरीच माणसं जेवायला बसली होती. ती दचकून ताठ झाली. शेजारी जमिनीवर तिच्या खुर्चीला टेकून भिंगरी बसली होती.

"अगं बाई! झालं? झालंसुद्धा? मला उठवलं का नाही कुणी?"

"झालं, ताई. छान झालं."

"आणि मी घोरत पडले... सगळ्यांसमोर... काय म्हणतील लोक!" ताई खुर्चीचे हात धरून उठू लागली. "सांग, काय करायचं राहिलंय आता? छत उतरवायचंय? मी बघते."

"काही राहिलेलं नाही," भिंगरी म्हणाली. "बस तू."

ताईने एकदा सगळीकडे नजर फिरवली. खरंच काही राहिलं नव्हतं. मग ती पुन्हा खुर्चीत बसली.